धुळवड, पाच माणसांची

सकाळी सहाला मंगळवार पेठेत रांगेला लागलो.
पुढं एकोणीस पिशव्या. मागच्या मोजल्या नाहीत.
आमच्याकडं आज कुणी कुणाला रंग लावत नाही,
रंग पंचमीला. आज नुसतं मटण.
"दीड किलो, मांडी नि चाप, नळ्या चार,
आणि कलेजी वर टाक थोडी,"
शाळेतल्या पोरासारखं पाठ करत आलो होतो.
दरवर्षी आठ किलो न्यायची मालन.
यंदा तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये
आणि पाहुणे म्हणजे तिघं.

तिनं स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली,
प्लास्टर मांडीवर ठेवलं
आणि हुकूम सुरू.
"हळद नको. पांढऱ्याला हळद दिसली की लोक हसतात."
"आलं-लसूण चोळा नीट. घाबरताय काय, मेलंय ते."
"फेस आला की काढा."
हे मला येत होतं.
एकोणतीस वर्षं उद्यमनगरात, भट्टीसमोर,
वितळलेल्या लोखंडावरची मळी काढलीय.
रंगावरनं सांगायचो, अजून दोन मिनिटं.
पण बारीक गॅस म्हणजे किती बारीक,
हे तिला विचारावं लागलं.
"निरांजनाएवढा," ती म्हणाली.

तांबडा जमला.
खोबरं काळपट होईस्तोवर भाजलं, तीळ तडतडले,
पलीकडच्या घरात कुणीतरी सलग चारदा शिंकलं.
चटणी पडली जरा जास्तच.
वर कट आला, भट्टीच्या तोंडासारखा.

मग अळणीत नारळाचं दूध ओतलं, आणि फोन वाजला.
थोरल्याचा असेल वाटलं.
कर्ज घ्या म्हणणारी कुठली तरी मुलगी होती,
सणाच्या दिवशी.
वळून बघतो तर पातेलं खदखदतंय,
दूध वेगळं, पाणी वेगळं.

"फाटला," मी म्हणालो.
कागलच्या जागेवरनं मिटेना झालं तेव्हा
थोरल्यानं हाच शब्द काढला होता,
"आपलं फाटलं बघ, धाकट्या,"
आणि चप्पल पायात सरकवली होती.

मालन उठली नाही लगेच.
"किती वर्षं खाताय माझ्या हातचा?"
"एकतीस."
"सहा-सातदा तरी फाटलाय त्यात. कळला कधी?"
मी एकतीस धुळवडी जिभेवर फिरवून बघितल्या.
एकही फाटकी सापडली नाही.

"मलमल आणा. गाळा.
काजू घ्या मूठभर, खसखस भिजलीय, वाटा बारीक.
गॅस बंद करून घाला. आणि हलवत राहा, एकाच बाजूनं."
मग ती आली,
आणि फडक्याचं एक टोक डाव्या हातानं धरून
उभी राहिली, तोंडावर वाफ घेत.

दस्तगीर आला, आमचा क्रेनवाला, रोशनवहिनींना घेऊन.
वरच्या खोलीतला अवधूत आला,
फौजदारकीचा पेपर रविवारी, म्हणून गावी न गेलेला.
दस्तगीरनं वाटी तोंडाला लावली ती रिकामीच खाली ठेवली.
"वहिनी, एका हातानं हे?"
"ह्यांनी केलाय."
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वाटीकडं.
"सणाच्या दिवशी खोटं बोलू नये, वहिनी."
अवधूत तांबड्यानं घामाघूम, नाक पुसत,
तरी भाकरी मोडायचा थांबेना.
फाटल्याचं आम्ही दोघंही बोललो नाही.

चार वाजले. सगळे सुस्त.
प्लास्टरवर कोपरापाशी तांबडा डाग पडलाय,
डॉक्टर विचारील.
"डबा भरा एक," मालन म्हणाली.
"मोठा. पांढरा वेगळा."
कुणासाठी, मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.
अवधूतची गाडी खालीच लावलीय,
कागल काही लांब नाही.

डबा अजून ओट्यावर आहे.
मी मधनंमधनं हात लावून बघतो.
कोमट आहे.
अजून कोमट आहे.