भोंगा

माइक माझे. वायरी माझ्या. चिकटपट्टीसुद्धा.
सव्वीस वर्षं झाली, या बेटावर कुणी काही बोलणार असेल
तर आधी मी बोलतो: एक, दोन, एक, दोन.
त्यावर टाळ्या नाहीत, हसू नाही.
हियुमाची माणसं तशीही शब्द मोजून देतात,
मासे मोजावेत तसे,
आणि लहान निघाला तर परत पाण्यात सोडतात.

त्या फेब्रुवारीत सभा होती धक्क्याजवळच्या गोदामात.
हिवाळ्यात फेरीबोटीच्या दोन खेपा बंद, असा कागद आला होता.
कागदामागोमाग राजधानीतून एक माणूसही आला,
करडा कोट, चकचकीत बूट, समोर छोटीशी घंटी.
प्रत्येकाला तीन मिनिटं.

उर्वे काल्युस्ते, तिकीटखिडकीतली.
एकतीस वर्षं ती काचेच्या भोकातून बोललेली,
"परतीचं पण?" आणि "गाडीची लांबी?"
तेवढ्यावर नोकरी झालेली.
हातात सात पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.
मी माइकची मान वाकवली. ती ठेंगणी आहे.
स्पीकरमधून आधी तिचा श्वास आला,
मग आकडे.
प्रवासी, टक्के, डिझेल, दवाखान्यात जाणाऱ्या गर्भार बायका.
सगळं खरं होतं. सगळं मेलेलं होतं.
चौथ्या रांगेतून हेल्डुर मिटल्या डोळ्यांनी पाठिंबा देत होता.

घंटी वाजली. ती वाचतच राहिली.
घंटी पुन्हा वाजली. सहा मिनिटं झाली होती.
"तीन मिनिटं उशीर झालाय आपल्याला," करडा कोट म्हणाला.
उर्वेचं तोंड उघडंच.
मला हेडफोनमध्ये कागदाची थरथर ऐकू येत होती,
कोंबडीनं भुसा उकरावा तशी.

आणि तेवढ्यात बाहेर, धुक्यातून,
बोटीचा भोंगा.
सहा दहाची. घड्याळात सातला पाच कमी.

उर्वेनं मान वळवली नाही.
मनगटाकडे पाहिलं, खिडकीत बसल्यासारखं,
आणि खिडकीतल्याच आवाजात म्हणाली,
"म्हणजे बोटीच्या हिशोबानं
माझी अजून बेचाळीस मिनिटं शिल्लक आहेत."

हशा पिकतो म्हणतात.
हा पिकला नाही, तडकला, मार्चमधल्या बर्फासारखा,
आधी एका कोपऱ्यात, मग गोदामभर.
माझ्या यंत्रावरचा काटा लाल रेघेला जाऊन अडकला.
हेल्डुर जागा झाला आणि कशावर ते न विचारता हसला.
करडा कोटही. आधी ओठ, मग खांदे,
मग घंटीवरचा हात सुटला.
उर्वे तेवढी हसली नाही. घाबरली होती,
दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्या पिशवीत सापडावी तशी.
उरलेली पानं तिनं वाचलीच नाहीत.
खेपा? एक वाचली. एक गेली.

पुढचं सांगू नये, पण सांगतो.
एप्रिलमध्ये तिला हाप्सालूला बोलावलं, समुद्रापलीकडे.
मखमली खुर्च्या. "ते बोटीचं सांगा हं," असं आधीच बजावून.
तिनं ते पाठ केलं. आरशासमोर, नवऱ्यासमोर.
मनगट कुठे उचलायचं तिथे पेन्सिलीची खूण.
माइक माझेच होते.
बरोबर खुणेवर तिनं घड्याळ पाहिलं, वाक्य टाकलं,
एक शब्द इकडचा तिकडे नाही.
कुणीतरी खोकलं.
दुसऱ्या रांगेतल्या बाईनं सौजन्य म्हणून मान हलवली.
मी, देवाशप्पथ, आवाज थोडा वाढवून पाहिला,
जणू हसू असेल तिथेच कुठे, तळाशी.

परतीच्या बोटीवर आम्ही वाटाण्याचं सूप घेतलं.
बराच वेळ ती पाव कुस्करत बसली.
मग म्हणाली, "भोंगा नव्हता ना तिथे."
मी म्हटलं, "पुढच्या वेळी टेप करून आणतो."
ती अशी हसली की सूप नाकातून आलं,
शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघू लागली,
आणि मी, एक-दोन-एक-दोनवाला,
चमचा हवेत धरून तसाच,
पुन्हा एकदा म्हणून बघावं का, या मोहात.