सतरा खांब

वार्दोच्या बेटावर झाड नाही.
उभं दिसतं ते एवढंच, मासे वाळवायचे खांब,
आणि नोव्हेंबरात तेही रिकामे.
कारखान्याचे हिशेब लिहिणाऱ्या रांगफ्रिदनं
खिडकीतून मोजले: सतरा.
वहीत तसेच उतरवले,

१११११११११११११११११

आणि स्वतःलाच विचारलं, याला भाग जातो का?

पंधरा असते तर तीन-तीनच्या जुड्या पडल्या असत्या,
सोळा तर मधोमध चिरले असते.
सतरा मुळातच हट्टी.
जो कुणी याला निःशेष भागेल
तो चौतीसच्या पाढ्याच्या एक घर पुढे उभा असणार,
एवढं तिनं पहिल्याच हिवाळ्यात ताडलं.
मग १०३. मग १३७. मग २३९.

सूर्य दोन महिने उगवत नाही तिथे.
रॉकेलच्या दिव्यापाशी रात्री वीसेक भागाकार,
प्रत्येकाच्या तळाशी बाकी,
उधारीवाल्यांच्या नावासमोर असते तशी.
एलिंग झोपायला जाताना विचारायचा,
"आज काय मिळालं?"
"बाकी."

आमच्या जुन्या मोजणीत या घरांना नावं आहेत:
डावीकडचा पहिला एक मध्य, दुसरा अंत्य,
तिसरा जलधी.
तिला हे ठाऊक असायचं कारण नाही.
तिसऱ्या खांबाच्या बुडाशी भरतीचं पाणी येई, इतकंच.

आठव्या हिवाळ्यात २०७१७२३.
खालच्या ओळीत शून्य.
तिनं वात वर केली. शून्यच.
आणि वर, भागाकाराच्या जागी, ५३६३२२२३५७.
दोन ओबडधोबड परके.
पहिल्यात एक एकदाच येतो,
दुसऱ्यात तर नाहीच.

खात्री म्हणून तिनं उलटा गुणाकार मांडला.
हातचे दोन, हातचा एक, पुन्हा हातचा एक,
आणि उजवीकडून, बेरजेच्या ओळीत,
खांब उभे राहत गेले.
घड्याळातली सकाळ झाली तेव्हा
तिनं कॉफी ठेवली. एलिंगला उठवलं नाही.

उन्हाळ्यात कारखान्यानं आणखी दोन खांब रोवले.

एकोणीस एकांना कुणीही भागत नाही,
एक आणि ते स्वतः सोडून.
मला हे माहीत आहे, पुस्तकातून, फुकटात.
तिनं नवी वही काढली,
चौतीसऐवजी अडतीसचं पाऊल.
१९१. बाकी.
२२९. बाकी.
४१९.