जड बाजू

उद्यमनगरात, बाळगोंडा मिस्त्रींच्या लेथच्या वर
माझी दहा बाय बाराची खोली.
खाली ओतीव लोखंड कापलं जातं,
वर मी एक खेळ करते:
नदीचे दोन काठ, पाच गडी, आठ मिनिटं.
तोफवाला, धनगरीण, हलगीवाला, वैदू, नावाडी.
लेथ सुरू झाला की माझा माउस आपोआप सरकतो
आणि तोफवाला, कुणी न सांगता, एक पाऊल पुढं.

तसाही महिनाभर तोच जिंकतोय.
शंभरातले एकसष्ट डाव.

शिरीन मुजावर, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाची,
दर शनिवारी खेळून बघायला येते,
मजुरी भडंगाची एक पुडी.
नेहमी नावाडी घेते. नेहमी हरते.
का म्हणून विचारलं तर म्हणाली,
वल्हं टेकवून उभा राहतोय ना, ते बरं वाटतंय.

मी त्याचं वल्हं दोन आकड्यांनी वजनदार केलं.
पुढच्या शनिवारी दहातले सात नावाडी.
नदीत होड्याच होड्या, काठ ओस,
धनगरिणीची मेंढरं नुसती पाण्याकडं बघत.
शिरीननं त्या दिवशी वैदू घेतला.
म्हणाली, लई गर्दी झाली.

खाली उतरले. मिस्त्री फ्लायव्हील तपासत होते.
दोन पोलादी धारा, त्यांवर आडवा दांडा, दांड्यात चाक.
एका बोटानं ढकललं. फिरलं, डुललं,
मागं आलं, थांबलं. तळाशी खडूची खूण.
परत ढकललं. परत तीच खूण तळाशी.
"एकाच कुशीवर झोपतंय बघा. तिथं जड हाय."

मग समोरून वजन लावा की, मी म्हटलं.
मिस्त्रींनी चष्म्याच्या वरून पाहिलं.
"लावलेलं फिरताना उडतंय, ताई.
भिंतीत घुसतंय. जड बाजूचंच काढायचं. जरा जरा."
ड्रिल लागलं. करडी भुकटी त्यांच्या चपलेवर.
भोक करंगळीच्या नखाएवढं.

वर येऊन मी वल्ह्याचे दोन आकडे परत घेतले
आणि तोफेचा गोळा तीन टक्के हलका केला.

रात्री साडेअकराला सुयोग चौगुलेचा फोन,
सलग चाळीस डाव जिंकलेला.
"माझं काढून घेतलासा की, ताई.
फुकट जिंकलो काय मी? बोटं सुजली माझी."
सुजली होतीच, मी पाहिली होती.
त्यातलं बोटांचं किती आणि तोफेचं किती,
हे त्याला कसं कळावं? मलाच पाच आठवडे लागले.

चंदगडच्या अंकुश नाईकचं मात्र जमलं नाही.
त्यानं दाबलेलं बटण डोंगरापलीकडून
माझ्याकडं पोचेस्तोवर पापणी लवून झालेली असते.
तो मरतो, तेव्हा त्याच्या पडद्यावर
अजून पळतच असतो.
त्याच्यासाठी भोक कुठं पाडायचं?
मिस्त्रींना विचारलं.
"ते चाकात न्हाई. खाली फौंडेशनातच हाय ते,"
म्हणाले, आणि चहा सांगितला.

काल ते चाक पुन्हा धारांवर.
खूण एकदा वर थांबली, एकदा डावीकडं,
मग कुठंतरी मध्येच.
मिस्त्री काही बोलले नाहीत. पुढचं चाक उचललं.

वर शिरीन नावाडी घेऊन बसली होती.
अकरा सेकंद उरले असताना
सुयोगच्या तोफेखालून होडी काढली तिनं
आणि पलीकडच्या काठाला वल्हं टेकवलं.
भडंगाची मूठ तशीच हवेत.
मग खुर्ची फिरवून माझ्याकडं:
"हे तुम्ही केलासा काय?"

लेथ थांबला होता. माउस जागच्या जागी.
"नाही," म्हटलं मी,
आणि तोफवाल्याची फाईल बंद केली.