गोठ्यामागचा दगड

टोल्मिनमध्ये मे सरत आलाय,
दुकानात रबराचा आणि शिळ्या कॉफीचा वास.
व्हिन्को पान्हा खिशात खोचून सांगतो:
ही पंच्याऐंशी न्यूटन-मीटरची, भिंतसुद्धा चढेल.
ही हलकी, साडेअठरा किलो, पण सांगाडा कार्बनचा,
पोराच्या बैठकीचा शिकंजा त्या नळीला सोसायचा नाही.
आणि ती कोपऱ्यातली मागच्या वर्षीची.
रंग कुणाला आवडला नाही.

रंग ओल्या पाटीसारखा आहे.
मला आवडतो. मी बोलत नाही,
पसंती चेहऱ्यावर दिसली की भाव हलत नाही.

ब्रीना घंटी शोधत फिरते.
तिघींनाही घंटी नाही,
म्हणून तिघीही नापास.

आम्हांला कुठे शर्यत मारायचीय?
नऊ किलोमीटर वाट, सातशे मीटर चढ,
मध्ये जंगलखात्याचा अडसर, पुढे मोटारींना बंदी.
वर कुरणावर हिची आई,
जून ते सप्टेंबर,
बेचाळीस गायी, चीजची एक तांब्याची कढई,
आणि फोनला रेंज येते ती
फक्त गोठ्यामागच्या एका दगडावर.
गेल्या उन्हाळ्यात हिला पाठीवर घेऊन गेलो.
तीन तास. पाच वेळा हिनं विचारलं, पोचलो का?
सहाव्यांदा मीच विचारलं.

सायकली तोलायच्या काट्याला ब्रीना लटकते, पाय आखडून.
पंधरा किलो चारशे.
बैठक बावीसपर्यंत चालेल, व्हिन्को म्हणतो.
मी मनात वजाबाकी करतो,
किलोंचे उन्हाळे करून पाहतो.
दोन. फार तर तीन, जेवायची कटकट अशीच राहिली तर.
बॅटरीची हमीही दोनच वर्षांची आहे,
पण ती निदान कागदावर छापलेली आहे.

पहिली घेऊन चर्चमागच्या चढावर गेलो.
चढली, खरंच भिंतीसारखं चढली,
पण मोटर अशी किणकिणत राहिली
की पुढ्यातलं हेल्मेट हलताना नुसतं दिसत होतं.
काय म्हणालीस?
काही नाही.
वर पोचून पुन्हा विचारलं.
काही नाही म्हटलं ना.

मग ती कोपऱ्यातली.
वासरासारखी जड, उचलून जिन्यात न्यायची सोय नाही.
पण पायडलवर भार दिला
आणि पाठीवर कुणीतरी तळवा ठेवल्यासारखं झालं,
ढकलणारा नाही, नुसता ठेवलेला.
चाकाखालची खडी ऐकू आली,
भिंतीपलीकडचं पाणी,
आणि माझ्या हनुवटीखाली, दोन हातांच्या मधोमध,
लिस्का, शेका, सीव्का,
एका शिंगाची रूमेना,
लाथ मारते ती, तिचं नाव विसरले, थांब, ब्रेझा...
मी हूं म्हणत राहिलो.
चढ संपत आला तेव्हा मान न वळवता म्हणाली,
हळू चालव, अजून गायी उरल्यात.

मी मोटर सगळ्यात खालच्या पायरीवर आणली.
मांड्या पेटल्या. चालायचंच.

दुकानात परत येऊन ब्रेक पाहिले,
पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा.
व्हिन्को हसला: चढाची काळजी कर, उतार काय, कुणीही उतरतं.
त्याला पोर नाही.
चढताना वर आई असते.
उतरताना पुढ्यात ही रडत असते,
मान मागे वळवून, सगळं वजन एका बाजूला टाकून,
आणि वळणं तर तेवढीच असतात.

किमतीत त्यानं चाळीस युरो सोडले, बैठक मात्र पुऱ्या भावानं.
सायकल शुक्रवारी मिळेल.
घंटी त्यानं हिच्या हातात फुकट दिली,
ती कालपासून घरात वाजते आहे,
मोरीत, जेवताना, उशीखाली.
आज फोनवरही वाजवून दाखवली.
पलीकडून ती ऐकून झाल्यावर
नेझा बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, सामान बांधायचं राहिलंय माझं.