हिसका

कोपलीच्या गॅरेजात, उणे अकरा अंशांत,
हेल्दुरचं यंत्र पुन्हा कोपऱ्यावर अडखळलं.
मोटर किंचाळली, चार स्टेप विसरली,
बर्चच्या फळीवरचं बदक
चोचीविना राहिलं.

वेग निम्मा केला. मग त्वरण.
बदकं शेगडीत जळत गेली.

एकतीस वर्षं त्यानं टॅलिनमध्ये ट्रॉलीबस चालवली.
दर शनिवारी बाजारापाशी चढायची एक बाई,
हातात लाल बेरींची काठोकाठ बादली;
जागा असली तरी बसायची नाही.
त्या बादलीनं शिकवलं होतं:
वेगानं काही सांडत नाही,
वेग वाढल्यानंही नाही,
सांडतं ते वाढ एकदम सुरू झाली की.
म्हणून पेडलवर आधी पायाचं नुसतं वजन.
आणि वळण यायच्या कितीतरी आधी
वळण पायात.

हे सगळं माहीत होतं की आपल्याला, म्हातारड्या!

रात्रभर बसून त्यानं आलेखाचे कोपरे घासले,
यंत्राला पुढच्या चाळीस रेघा
आधीच वाचायला दिल्या.

पहाटे चोच निघाली.
यंत्र थांबलं, इतकं हळू
की कधी थांबलं ते कळलं नाही.
सवयीनं त्यानं मान वर केली,
आरसा असायचा तिथं.

खाली भुसा होता फक्त.
एकही बेरी नाही.