गुंड्यांचं झाड

येल बेटावर झाड नाही.
म्हणजे आहेत दोन, पाद्रीबाबांच्या परसात,
भिंतीच्या उंचीपर्यंत कशीबशी आलेली.
त्यापुढची छाटणी वारा करतो, फुकट.
बाकी गवत, चिखल, मेंढ्या
आणि वळणावर ऑस्लाचं घर,
जिथे माझी टपालगाडी साडेअकराला थांबते,
पत्र असो नसो.

तिच्या भिंतीवर मात्र झाड आहे.
खोड लाउरीच्या कॉर्डरॉयच्या विजारीचं.
गुडघ्यापाशी घासून जिथे रेघा गेल्या
तिथे ढोली.
पानं कशाकशाची:
लेकीचा शाळेतला निळा झगा,
स्वैपाकघराचा जुना पडदा,
नणंदेचं रेशीम, जे तिनं एकदाच नेसलं
आणि ते लग्न मोडलं,
तेलाच्या टर्मिनलवरचा नारिंगी डगला;
ते पान कितीही धुवा, डिझेलचा वास जात नाही.

पानं फांदीला शिवलेली नाहीत.
प्रत्येक देठाला काज, फांदीवर गुंडी.
‘शिवून टाकली असती तर चित्र झालं असतं,’
ती म्हणाली, ओठांत टाचण्या धरून.
निम्मं मला ऐकू आलं,
निम्मं मी जुळवलं.

ऑक्टोबरात पहिली फेरीबोट रद्द झाली
की ती स्टुलावर चढते.
रोज चार-पाच पानं काढते,
वारा जोरात असला तर दहासुद्धा.
बिस्किटांच्या डब्यात भरते, कापराची वडी टाकते.
मग हिवाळाभर नुसत्या गुंड्या:
शर्टाच्या, कोटाच्या, एक शिंपल्याची,
एक पितळी, नांगर कोरलेली.
पाच-साडेपाच तासांच्या त्या कंजूष उजेडात
चमकतात.
कुणी विचारलं, हे काय?
ती म्हणते, डिसेंबर.

एकदा एडिनबर्गची बाई आली होती.
चष्मा पुसून पुसून पाहिलं.
हे ओकचं पान, हे मेपलचं,
आणि हे तर, अहो, बटाट्याचं!
एका फांदीवर असं नसतं.
ऑस्लानं तिच्या कपात आणखी चहा ओतला.
ती गेल्यावर मला म्हणाली,
‘झाडं पाहिलेल्यांचं अवघड असतं.’

लाउरी फेब्रुवारीत गेला.
एप्रिल आला, डबा फडताळातच.
मे. मेंढ्यांना कोकरं झाली.
जून आला, रात्र व्हायचीच थांबली,
बारा वाजता खिडकीशी दिव्यावाचून
सुईत दोरा ओवता येईल असा उजेड,
आणि मशीनवर कापड झाकलेलं.
मी पेन्शनची पाकिटं टेबलावर ठेवत गेलो.
टपालवाल्याला एक शिस्त असते:
पाकिटाच्या आतलं आपलं नाही.

मग एक दिवस माझ्याकडे न बघता,
‘तुमचा तो लाल कोट
खात्याला परत द्यावा लागतो का रे?’
मी अंगातला काढून दिला.
तिनं उलटसुलट केला,
झडपेआडचं लाल कापड चिमटीत धरलं,
आणि कात्री खिशात घातली
जशी मी रोज पेटीत हात घालतो.

काजाला तिला वेळ लागला.
दोनदा उसवलं.
तिसऱ्यांदा दोरा दातानं तोडून
तिनं पान खालच्या फांदीला लावलं,
स्टूल न घेता हात पोचेल अशा जागी.
ओकचं नव्हतं ते, मेपलचंही नाही.
मला विचाराल तर जिभेसारखं होतं.
डबा त्या दिवशी उघडला नाही.
गुरुवारी उघडला.
नारिंगी पान सगळ्यांत शेवटी लागलं, जुलैत,
आधी खूप वेळ नाकाशी धरून.

कोट मी अजून घालतो.
डाव्या खिशाला पानाएवढं भोक आहे.
किल्ल्या पडतात, सुटे पैसे पडतात,
बोटं थेट वाऱ्यात निघतात.
बायको म्हणते, ठिगळ तरी लाव.
म्हटलं, थांब जरा,
ऑक्टोबरात बघू.