डबल बेल

नऊ वर्षं मी गाडी पाठीमागून ओळखली,
टाचांनी.
जिंतूर–येलदरी, सकाळी सव्वासहाची.
मागच्या डाव्या चाकाचा पाटा सैल झालाय
हे वर्कशॉपच्या आधी माझ्या पायाला कळायचं.
चढावर तिसरा सोडून दुसरा कधी टाकायचा
हेही सांगितलं असतं,
सुटे पैसे मोजता मोजता.
कुणी विचारलं नाही.

दोरी ओढायची.
एक टोला, थांब.
दोन टोले, चल.
एवढं मोठं धूड माझ्या बोटावर हलायचं,
आणि चालवायचा मात्र दुसराच कुणी,
खिडकीतून पिचकारी मारत.

शिकवायला हमीदमामू. रिटायर,
एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात सगळा रस्ता.
बोरीच्या जिनिंगचं पटांगण, हंगाम उलटलेला,
तारेच्या कुंपणाला अडकून राहिलेला कापूस,
आणि भंगारात जाता जाता वाचलेली एक बस.
पहिले चार दिवस इंजिन बंद.
नुसता क्लच.
दाब. सोड. दाब. सोड.
"अयोध्या, झोपलेल्या लेकराच्या मानेखालून
हात काढतात ना, तसं. हौले."
मामूला सहा लेकरं.
त्यानं कधी कुणाच्या मानेखालून हात काढला असेल
असं वाटत नाही,
पण पाचव्या दिवशी बस उठली
आणि एकही सीट खडखडली नाही.

मामूनं चुन्याच्या फक्कीनं आठ आखला.
मराठी आठ. त्याला तेवढाच येत होता.
मी वळण घेऊन आले की
आठ खालच्या अंगाला उघडा सापडायचा,
थेट फाटकाकडं, फाटकातून रोडकडं.
"बरोबर," मामू म्हणायचा, "जा आता."

परभणीच्या मैदानावरचा आठ इंग्रजी निघाला.
दोन्हीकडून बंद.
रांगेतला एक जण म्हणाला, बाई,
टू-व्हीलरची लाईन तिकडं हाय.
मी त्याला तिकीट नसलेल्या पॅसेंजरकडं बघतात
तसं बघितलं.
पण रिव्हर्सला खांब पडलाच,
स्वयंपाकघरात उलथनं पडावं असा आवाज करत.
गुट्टे साहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.
परत यायचं भाडं मी पासवर आले, म्हणून लागलं नाही.

दुसऱ्या खेपेला पाठीशी पोत्याची घडी घेऊन गेले,
कारण ती सीट ज्यानं बनवली
त्याला माझे पाय माहीत नव्हते.
साहेब डावीकडं बसले.
हँडब्रेक सोडला. पहिला टाकला.
"चला."
क्लचवरचा पाय काही उठेना.
आरशात बावन्न सीटा, सगळ्या रिकाम्या.
"चला, मॅडम."
घाबरले नव्हते मी.
मी वाट बघत होते.
नऊ वर्षांत ही गाडी
दोन टोल्यांशिवाय कधी हललीच नव्हती,
आणि टोले देणारी तर इथं पुढं येऊन बसलेली.

मग जिभेनं टाळूवर मीच वाजवली.
टक. टक.
आणि लेकराच्या मानेखालून हात काढला.

साहेबांनी वळून मागं बघितलं,
कोण वाजवतंय म्हणून.

लायसन पोस्टानं येणार आहे.
तोवर ड्युटी तीच, संध्याकाळची.
समोर दिगंबरकाका, तीच मान, तोच मळका टॉवेल.
फाट्यावर दोन बाया उतरल्या,
एक जण शेळीचं करडू बगलेत धरून चढला.
मी दोरी ओढली. दोन टोले.
काकांनी क्लच झटक्यात सोडला, नेहमीसारखा,
अख्खी बस मागं कलली.

माझा डावा पाय मात्र,
बॅगेच्या आडोशाला,
हळूहळू उठत होता.

"बाई, येलदरी एक. अन् ह्याचं हाफ लागतं का?"